खंड्याचा पंख, प्रयत्न तिसरा

मंडळी, माझा कागदी पट्ट्यांचा खंड्या पक्षी अजून पूर्ण झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणी शेवटापर्यंत वाचून शिव्या घालायला नको. शेपटी बाकी आहे, ज्या फांदीवर तो बसणार ती फांदीही बाकी आहे. पण पंख झाला. झाला म्हणजे तिसऱ्यांदा झाला, पहिले दोन एका डब्यात पडलेत आणि तो डबा मी सध्या उघडत नाही.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी, दीड वर्ष क्विलिंग (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून आकार करायचे आणि चिकटवायचे) करतोय, आत्तापर्यंत सगळं फुलं-पानं-कार्डं याच्यातच चाललं होतं. लूज कॉइल म्हणजे सैल गुंडाळी, थेंब, डोळा, चंद्रकोर, कातरून केलेली झालरीची फुलं, एवढ्यावर बरंच निभतं. मग डोक्यात आलं की पक्षी करायचा आणि तोही खऱ्या मापाचा. छोटा खंड्या (कॉमन किंगफिशर) निवडला कारण तो लहान असतो, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६-१७ सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदावर आरामात मावतो. म्हटलं लहान पक्षी, लहान काम. आता मला हसू येतं या वाक्याचं.

पहिल्या आठवड्यात फक्त चित्र काढलं आणि रंग शोधले. इथेच पहिली ठेच लागली. तयार पट्ट्यांच्या पाकिटात मिळणारा निळा हा एकतर शाळेच्या वहीच्या कव्हरचा निळा असतो नाहीतर एकदम आकाशी. खंड्याचा निळा यातला कुठलाच नाही. नंतर वाचताना कळलं की त्याच्या पाठीचा निळा हा मुळात रंगद्रव्याचा नसतोच, पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म जाळीदार रचनेवरून प्रकाश विखुरतो म्हणून तो निळा दिसतो, आणि पोटाकडचा नारिंगी मात्र खरा रंगद्रव्याचा. म्हणजे मी कागदात जे शोधत होतो ते पक्ष्याकडेही नाही. बरं वाटलं जरा.

मग निळ्याच्या पाच छटांचे ए-फोर कागद आणले आणि स्वतः ३ मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, स्टीलची पट्टी, कटर आणि खालची मॅट घेऊन. दोन संध्याकाळी कापण्यातच गेल्या. आणि त्यातल्या एका छटेचा, सगळ्यात सुंदर मोरपंखी निळ्याचा, पूर्ण गठ्ठा वाया गेला, कारण तो कागद वरून छापलेला निळा होता आणि आतून पांढरा. सपाट धरला की कळतच नाही. पण क्विलिंगमध्ये आपण बघतो ती कागदाची कड, त्यामुळे गुंडाळल्यावर प्रत्येक कॉइलला पांढऱ्या रेघांचं जाळं. एखाद्या डिझाईनला ते छान दिसेलही, दवबिंदूंना वगैरे, पण माझा खंड्या पीठ लागल्यासारखा दिसायला लागला. तेव्हा कागद घेताना कोपरा किंचित फाडून बघा, आत तोच रंग आहे ना.

अजून एक, ज्याच्याकडे मी इतके दिवस लक्षच दिलं नव्हतं. गुंडाळलेली पट्टी सुट्या पट्टीपेक्षा गडद दिसते. वेढ्यांच्या मधल्या फटींत सावली साठते म्हणून. त्यामुळे छटा निवडताना आता मी प्रत्येकीचं एक कॉइल करून पांढऱ्या कागदावर चिकटवतो आणि त्याच्यावरून ठरवतो, आणि बहुतेक वेळा मनात असते त्याहून एक पायरी फिकी छटाच बरोबर निघते.

आता मुख्य भानगड. पंखासाठी साधारण दोनशे थेंब लागणार होते आणि ते सगळे एकाच मापाचे हवेत असा माझा हट्ट. २० सेंटीमीटरची पट्टी, खाचेच्या टूलवर गुंडाळायची, मापाच्या बोर्डमधल्या १५ मिलिमीटरच्या गोलात सोडायची, उलगडली की चिमट्याने उचलायची, टोक चिकटवायचं, एका बाजूने चिमटायचं, झाला थेंब. सोपं आहे ना? साठ-सत्तर झाल्यावर ओळीत मांडले तर काही टपोरे, आतून छान सैल, काही घट्ट आणि मधे गुठळी झालेले. बाहेरचं माप सारखं, पण आतली वळणं प्रत्येकाची निराळी. एक-दोन असते तर हाताने बनवलंय म्हणून सोडून दिलं असतं, पण इथे जवळजवळ अर्धे अर्धे होते.

आधी वाटलं हात दमतोय. रात्री उशिरा केलेले वेगळे आणि सकाळचे वेगळे येत असतील. म्हणून एका दिवशी फक्त सकाळी केले, तरी तेच. मग वाटलं गोलात पुरेसा वेळ सोडत नाहीये, कारण कॉइल सोडल्या सोडल्या झटकन उघडतं आणि मग हळूहळू अजून थोडं सैलावत राहतं, मी कधी लगेच उचलतो कधी फोन आला की दहा मिनिटं तसंच. म्हणून मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावून बसलो. फरक पडला, पण थोडाच. मग हवेवर संशय, दमट दिवशी कागद ओलावा धरतो आणि मऊ पडतो हे खरंच आहे, तशा दिवशी गुंडाळलेलं कॉइल नीट उसळत नाही. पण एकाच दिवशी एकाच तासात केलेले दोन थेंब वेगळे येत होते, त्यामुळे हवा बिचारी निर्दोष सुटली.

शेवटी उत्तर सापडलं ते कचऱ्याच्या डब्यात. अक्षरशः. डब्यात बघतो तर जवळजवळ दहा-दहा सेंटीमीटरचे तुकडे आणि एक-एक सेंटीमीटरचे तुकडे असा दोन प्रकारचा कचरा. म्हणजे काही कागद मी लांबीच्या बाजूने कापले होते, २९.७ सेंटीमीटरच्या पट्ट्या निघाल्या आणि त्यातून २० कापून उरलेलं टाकलं, आणि नंतर केव्हातरी कागद वाया जातोय म्हणून बाकीचे रुंदीच्या बाजूने कापले, २१ च्या पट्ट्या, एकच सेंटीमीटर वाया. आणि दोन्ही एकाच डब्यात मिसळून ठेवल्या!

कागदाला ग्रेन असतो. मशीनवर कागद बनताना तंतू बहुतेक करून एकाच दिशेने झोपतात, आणि त्या दिशेत कागद जास्त ताठ असतो. पट्टीच्या लांबीत तंतू असतील तर गुंडाळताना आपण त्या तंतूंनाच वाकवत असतो, ते वाकायला कुरकुरतात आणि सोडलं की जोरात उसळतात. तंतू पट्टीला आडवे असतील तर पट्टी लोण्यासारखी वळते आणि वळलेली राहते. ओळखायचं कसं, तर आख्खा कागद हातात घेऊन न मोडता नुसता कमानीसारखा वाकवायचा, आधी एका बाजूने मग दुसऱ्या. ज्या बाजूने कमी जोर लागतो त्या कमानीच्या लांबीत ग्रेन, म्हणजे कमान बोगदा मानली तर बोगदा ज्या दिशेने जातो त्या दिशेत. पट्ट्या त्याला आडव्या कापायच्या. (खूप बारीक पट्टी असेल तर आडव्या ग्रेनची पटकन तुटते, ओढू नका.)

खात्री करायला एकाच कागदातून दोन्ही दिशांच्या दहा-दहा पट्ट्या कापल्या, एक गठ्ठा डावीकडे एक उजवीकडे, आणि टायमर लावून वीस थेंब केले. मुलीला काही न सांगता सगळे मिसळून दिले आणि म्हटलं वेगळे कर. तिने वीसपैकी अठरा बरोबर वेगळे केले आणि वर विचारलं, "बाबा, हे एवढं सोपं तुला तीन आठवडे कळलं नाही?"

नाही कळलं. असो.

तर सगळ्या पट्ट्या पुन्हा कापल्या, सगळ्या एका दिशेने, आणि दुसरा पंख सुरू केला. या वेळी थेंब असे आले की काय सांगू, एकापुढे एक ठेवले तर छापल्यासारखे. जोड दिसू नये म्हणून पट्टीचं शेवटचं टोक कात्रीने न कापता हाताने फाडलं, फाटलेली कड पातळ असते त्यामुळे चिकटल्यावर उंचवटा येत नाही, आणि तो जोड बरोबर थेंबाच्या टोकात घेतला. १९० थेंब, काचेवर पालथे मांडून एकमेकांना चिकटवले, म्हणजे कापताना जो थोडा उंचीचा फरक राहिलाय तो मागच्या बाजूला जातो आणि पुढून पृष्ठभाग सपाट मिळतो. दोन दिवस वाळू दिलं, उलटवलं.

फरशी. बाथरूमची निळी फरशी! एकही चूक नाही आणि एकही पीस नाही. जिवंत पक्ष्याच्या पंखात खांद्याजवळची पिसं बारीक खवल्यांसारखी असतात आणि खाली येता येता लांब होत जातात, हे मी स्वतः चित्रात काढलं होतं आणि सारखेपणाच्या नादात विसरून गेलो होतो. दोन दिवस टेबलाकडे फिरकलो नाही.

त्या दोन दिवसांत हाताला चैन नाही म्हणून ओरिगामीचे सोनोबे तुकडे, म्हणजे कागद दुमडून केलेले आणि एकमेकांत अडकणारे सारखे तुकडे, दुमडत बसलो. सहा जोडले की घन होतो, बारा जोडले तर टोकंटोकं निघालेला लहान तारा, तीस जोडले की मोठा चेंडू. गोंद लागत नाही, चूक झाली तर उलगडायचं. क्विलिंगमध्ये अडकलात की हे करून बघा, डोकं बंद ठेवून हात चालू राहतात. माझा तीसचा चेंडू शेवटच्या दोन तुकड्यांना नेहमी सुटतो, पण तो वेगळा विषय.

तिसऱ्या पंखाला माप आधी कागदावर लिहिलं. खांद्याला ८ सेंटीमीटरच्या पट्टीचे थेंब, मग प्रत्येक ओळीला एकेक सेंटीमीटर वाढवत २० पर्यंत. इथे एक गणित कामाला आलं जे मला आधीच कळायला हवं होतं. पट्टी दुप्पट केली की कॉइल दुप्पट होत नाही. घट्ट कॉइल करून मोजलं, ४५ सेंटीमीटरच्या पट्टीचं साधारण साडेनऊ मिलिमीटर व्यास, दोन पट्ट्या जोडून ९० केल्या तर साडेतेराच्याही आत. कारण पट्टीची लांबी गुणिले जाडी हे कॉइलचं क्षेत्रफळ, व्यास नव्हे. दुप्पट व्यास हवा असेल तर चौपट पट्टी. खंड्याच्या डोळ्याचं काळं बुबुळ मोठं करायला मी एक पट्टी वाढवत होतो आणि ते का वाढत नाहीये म्हणून वैतागत होतो, त्याचं हे उत्तर. सैल थेंबांना हे तसंच्या तसं लागू नाही, तिथे माप आपण बोर्डच्या गोलावर ठरवतो, पण आतली वळणं किती दाट दिसणार ते पट्टीच्या लांबीवर, म्हणून गोल लहान करताना पट्टीही लहान करायची.

पंखाची खालची लांब पिसं थेंबांनी केलीच नाहीत. ग्राफ पेपर कॉर्क बोर्डवर लावला, ५ मिलिमीटरवर टाचण्या टोचल्या आणि पट्टी टाचणीभोवती फिरवत एकात एक लूप घेतले, हस्किंग म्हणतात त्याला. त्याने आपोआप मधे दांडी आणि बाजूने पीस असं दिसतं. ग्राफवर प्लास्टिकचा कागद टाकायला पहिल्या वेळी विसरलो, पीस ग्राफसकट निघालं.

गोंदाबद्दल फार लिहीत नाही, तेच जुनं. पांढरा गोंद, सुईच्या तोंडाची बाटली, काम थांबलं की तोंडात टाचणी. जास्त लागला की वाळल्यावर चकाकतो आणि ती चकाकी कशानेच जात नाही.

पंख वाळून उभा राहिला तेव्हा मुलगी म्हणाली आता उडेल. मी ते कौतुक म्हणून घेतलंय.

मधेच जाणवलं ते लिहून ठेवतो, क्विल म्हणजे मुळात पिसाची दांडी. युरोपात जुन्या काळी कागदाच्या पट्ट्या पिसाच्या दांडीवर गुंडाळायचे, त्यावरूनच हे नाव आलं. म्हणजे मी पिसाच्या नावाची कला वापरून, धातूच्या टूलवर, कागदाची पिसं बनवतोय.

चोच झाली आहे. दोन्ही भाग काळे करणार होतो, पण खालचा भाग नारिंगी केला, कारण उरलेली नारिंगी पट्टी वाया घालवायची नव्हती. नंतर कळलं की खालची चोच लालसर-नारिंगी ही खंड्याच्या मादीची खूण आहे, नराची पूर्ण काळी. त्यामुळे आता तो नाही, ती आहे.

पहिल्या दोन पंखांचे आणि त्या पांढऱ्या कडेच्या गठ्ठ्याचे मिळून दीड डबा तुकडे साठले होते. न उघडलेला तो पंखांचा डबा सोडून बाकीचे रात्रभर भिजवले, मिक्सरला लगदा केला आणि जाळीच्या चौकटीवर हातकागद काढला. वाटलं सुंदर निळा कागद मिळेल. मिळाला राखाडी, कारण तुकड्यांत थोडे नारिंगीही होते, आणि निळ्यात नारिंगी पडला की दुसरं काय होणार, आणि जिथे जिथे गोंद होता तिथे लगदा न झालेले बारीक निळे ठिपके तसेच राहिले. पण वाळल्यावर बघितलं तर खडबडीत, ढगाळ, ठिपक्यांचा, अगदी पाण्याच्या काठासारखा. तोच पार्श्वभूमीला लावणार आहे.

फांदीचं अजून ठरत नाहीये. एक विचार असा की जाड १६० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाच्या कागदाच्या) पट्ट्या उभ्या लावून सालीच्या रेषा करायच्या, दुसरा असा की क्रिम्परमधून, म्हणजे पट्टीला चुण्या पाडणाऱ्या साधनातून, काढलेल्या नागमोडी पट्ट्या गुंडाळून. दोन्हीचे बोटभर नमुने करून खिडकीत ठेवलेत, सोबत पाचही निळ्यांची एकेक पट्टी, अर्धी पुस्तकात झाकून आणि अर्धी उन्हात, रंग किती उडतो ते बघायला. महिनाभराने कळेल. काचेला पंख टेकणार नाही अशी खोल फ्रेम मात्र आत्ताच आणून ठेवलीय, रिकामीच भिंतीवर टांगलीय, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो यात काय आहे.