छपराच्या पुलांची मंडळी

ऑक्टोबर लागला की आमच्या घरी दोन निरोप हमखास यायचे. एक मराठी मंडळाच्या दिवाळीचा आणि दुसरा पूल-सोसायटीच्या सफारीचा. दोन्ही एकाच शनिवारी आले की घरात थोडी चकमक व्हायची. शेवटी बायको चिवड्याचे डबे घेऊन मंडळाच्या हॉलवर जायची आणि मी पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला एका चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये पिवळ्या स्कूलबसपाशी जाऊन उभा राहायचो. पुढे पुढे तीही सफारीलाच येऊ लागली. मंडळात नाटक संपल्याशिवाय पानं मांडत नाहीत, इथे साडेबाराच्या ठोक्याला जेवायला बसवतात, हे तिचं कारण.

सफारी म्हणजे जंगल नव्हे. लाकडी, छपराच्या पुलांच्या नादी लागलेली अमेरिकन मंडळी आपल्या वार्षिक सहलीला हेच नाव देतात. सकाळी बसमध्ये बसायचं, दिवसभरात सात-आठ पूल गाठायचे, प्रत्येक ठिकाणी उतरून आत शिरायचं, माना वर करून तुळया बघायच्या, भांडायचं आणि परत बसमध्ये चढायचं. रात्री जेवण, स्लाइड शो आणि लिलाव. वर्षानुवर्षं तेच पूल, तीच माणसं आणि बरेचदा तीच भांडणं.

पेन्सिल्व्हेनियात असे पूल अजून दोनशेच्या आसपास आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यातही लँकेस्टर परगणा श्रीमंत. मक्याची शेतं, ओढ्यांच्या काठाने जाणारे अरुंद रस्ते, मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या, आणि वळण संपलं की समोर बाहेरून तांबडा आणि तोंडाशी पांढरा रंगवलेला पूल. १९५०च्या दशकात मोटारी वाढल्या, रस्ते रुंद होऊ लागले आणि हे पूल एकामागोमाग एक पाडले जाऊ लागले. तेव्हा ठिकठिकाणी ते वाचवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. आमची सोसायटी त्याच घराण्यातली.

सभासद म्हणजे खिचडीच होती. अध्यक्ष निवृत्त शाळामास्तर. एक दंतवैद्य, एक ट्रक चालवणारा, रेल्वेच्या इंजिनांच्या वेडातून इकडे वळलेले दोघे-तिघे, आणि नवऱ्याच्या छंदापायी म्हणून आलेल्या पण आता नवऱ्यांपेक्षा जास्त जाणणाऱ्या बायका. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून इकडे आलेला, नोकरी म्हणून सिमेंट-काँक्रीटचे पूल बांधणारा मी एकटाच. हे कळल्यावर पहिल्याच जेवणात अध्यक्षांनी उठून सगळ्यांना सांगितलं, ‘मंडळी, आज आपल्यात शत्रुपक्षाचा माणूस आला आहे, त्याला गोड जरा जास्त वाढा.’ हे नाव मला कायमचं चिकटलं.

या लोकांना पुलाचं नाव एक वेळ आठवणार नाही, पण नंबर चुकायचा नाही. जगभरच्या छपराच्या पुलांची एक यादी आहे, तिच्यात प्रत्येक पुलाला नंबर असतो. ३८ म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, ३६ म्हणजे लँकेस्टर, त्यापुढे पुलाचा स्वतःचा आकडा. बसमध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी आकडा ओरडायचं आणि पुढून कुणीतरी त्या पुलाची लांबी, साल आणि बांधणाऱ्याचं नाव परत ओरडायचं. मला हा खेळ कधी जमला नाही. बायकोला मात्र जमला. तिने घरी फ्रिजवर यादी लावून पाठ केली होती.

दर वर्षी एखादा नवा पाहुणा असायचाच आणि पहिल्या पुलाशीच तो विचारायचा, छप्पर कशाला? मग आजूबाजूचे गालात हसायचे आणि उत्तरांची सरबत्ती सुरू व्हायची. घोड्यांना खालचं पाणी दिसून ते बुजू नयेत म्हणून. प्रेमी जनांना आडोसा हवा म्हणून. बर्फ साचू नये म्हणून. हे शेवटचं उत्तर तर उलटंच आहे. त्या काळी हिवाळ्यात घसरगाड्या चालत आणि पुलाच्या आतली जमीन कोरडी असायची, म्हणून माणसं लावून बाहेरचं बर्फ फावड्याने पुलात आणून पसरावं लागे.

सगळ्यांचं बोलून झालं की आमचा म्हातारा सुतार पुढे यायचा. तो फार बोलत नसे. पाहुण्याला पुलाच्या तोंडाशी न्यायचा, जिथे पावसाची झड आत येते तिथे, आणि खिशातला चाकू काढून खालच्या मुख्य तुळईला टोचायचा. पातं एखादं बोटभर सहज आत जायचं. मग पाच-सहा पावलं आत जाऊन त्याच तुळईला पुन्हा टोचायचा. तिथे चाकूचं टोक नुसतं घसरायचं. दीडशे वर्षांचं लाकूड आणि त्याच्यावर ओरखडासुद्धा नीट उठत नसे. चाकू मिटून तो बसच्या पुढच्या बाकाकडे चालायला लागायचा. झालं उत्तर. उघड्यावरचा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत कुजतो आणि छपराखालचा शंभरी ओलांडतो. खरा पूल म्हणजे आतला सांगाडा. बाहेरच्या फळ्या आणि छप्पर झिजायला आणि बदलायलाच असतात. फिलाडेल्फियाला टिमथी पामरने स्कूलकिल नदीवर पूल बांधला, तेव्हा रिचर्ड पीटर्स नावाच्या न्यायाधीशाने आग्रह धरून त्याच्यावर छप्पर घालायला लावलं. ते साल १८०५. अमेरिकेतला छपराचा पहिला पूल म्हणून तोच सांगतात.

सांगाड्याची गोष्ट निघाली की पूल बांधणाऱ्या थिओडोर बरचं नाव निघणारच. उभे खांब आणि तिरके धिरे यांच्या चौकटीला त्याने भली मोठी लाकडी कमान जोडली, १८१७ साली पेटंट घेतलं, आणि इकडचे बहुतेक पूल त्याच धाटणीचे झाले. कमानीची टोकं थेट काठावरच्या दगडी बांधकामात टेकतात. बसमधून उतरल्यावर इंजिनिअरची नजर आधी तिकडेच जाते, काय करणार. पण मंडळींचं खरं प्रेम बरच्या मॅकॉल्स फेरीच्या पुलावर होतं, जो कुणीच पाहिलेला नाही. सस्क्वेहाना नदीवर ३६० फुटांची एकच कमान. ती त्याने आधी काठाला लावून उभारली, १८१५च्या थंडीत नदी बर्फाने भरली तेव्हा सगळ्या पंचक्रोशीची माणसं जमवली आणि ती प्रचंड कमान बर्फावरून ओढून जागेवर नेली. दोन-तीन वर्षांत त्याच नदीच्या बर्फाने ती मोडून नेली. बर १८२२ साली वारला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. ही गोष्ट अध्यक्ष सांगत तेव्हा दर वर्षी बर्फाची जाडी वाढायची. आम्ही ती वाढू देत असू.

दुसरी ठरलेली गोष्ट कोलंबियाची. कोलंबिया आणि राइट्सव्हिल या दोन गावांमध्ये याच नदीवर ५,६२० फुटांचा छपराचा पूल होता, म्हणजे मैलापेक्षाही लांब. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, २८ जून १८६३ला, दक्षिणेकडची फौज पलीकडच्या काठावर आली. तिने नदी ओलांडू नये म्हणून उत्तरेच्या लोकांनी स्वतःच पूल पेटवला. वाऱ्याने ठिणग्या राइट्सव्हिलच्या घरांवर गेल्या आणि ज्यांना अडवायचं होतं त्याच शत्रूच्या शिपायांनी रांगा करून बादल्या पोचवल्या आणि गाव वाचवलं. पुढच्याच आठवड्यात गेटिसबर्गला रणधुमाळी झाली. जुन्या पुलाचे दगडी खांब आजही पाण्यात दिसतात. सफारी तिथे पोचायची साधारण चार वाजता. थंडगार वाऱ्यात, कागदी पेल्यातल्या कॉफीने हात शेकत सगळे ते खांब मोजायचे आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

जेवण मात्र कधी वेगळं नसे. चिकन आणि मक्याचं सूप, हॅम, चाउ-चाउ नावाचं भाज्यांचं आंबटगोड लोणचं, आणि शेवटी काळ्याभोर काकवीचा शूफ्लाय पाय नावाचा गोड पदार्थ. आम्ही शाकाहारी, त्यामुळे सुरुवातीला चाउ-चाउ आणि पाव एवढ्यावरच भागवावं लागे. मग बायकोने घरून कोथिंबीरवड्या न्यायला सुरुवात केली. दोन-चार वर्षांनी आमंत्रणाच्या कागदावर ‘कोण काय आणणार’च्या यादीत आमच्या नावापुढे ‘हिरवे चौकोन’ असं छापूनच यायला लागलं. लिलावात निघायचं ते बहुतेक पुलांचंच सामान: पुलाच्या आकाराची मीठमिऱ्याची जोडी, पुलाची चित्रं काढलेल्या बश्या, जुनी पोस्टकार्डं, पाडलेल्या पुलातल्या ओकच्या खुंट्या. आमच्या दिवाणखान्यात त्यातली एक खुंटी आहे. ती काय आहे हे आजवर एकाही पाहुण्याला ओळखता आलेलं नाही.

एका वर्षी स्लाइड शो माझ्याकडे आला. मी पुण्याचा लकडी पूल दाखवायचं ठरवलं. पडद्यावर दगडी कमानी आल्या आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, लाकूड कुठाय? मी सांगितलं, पेशव्यांच्या काळातला मूळ पूल लाकडाचा होता, तो गेला, मग दगडी बांधला, सरकारी नाव संभाजी पूल, पण लोक लकडी पूलच म्हणतात. अध्यक्ष मागून ओरडले, ‘म्हणजे नंबर दोन!’ आणि सगळा हॉल हसला. त्यांच्या यादीची रीतच तशी आहे. जुन्या जागी पूल नव्याने बांधला तर नंबर तोच राहतो, फक्त पुढे ‘दोन’ लागतं.

मग मी पानशेतबद्दल बोललो. १२ जुलै १९६१. धरण फुटलं, पाणी लकडी पुलावरून गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. मी तेव्हा लहान होतो. आठवतो तो ओसरलेल्या पाण्यानंतरचा चिखल आणि त्याचा वास. काका लोक पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक गोष्ट ‘पुराच्या आधी’ की ‘पुरानंतर’ अशी सांगत. हे मी म्हणालो आणि पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, ‘आमचंही तसंच, ॲग्नेसच्या आधी आणि नंतर.’

ॲग्नेस हे जून १९७२मधलं वादळ. मी तेव्हा अजून इकडे आलो नव्हतो, तरी ते मला पाठ झालं, इतकं ऐकलं. कॉनेस्टोगा नदीवरचा हन्सेकर्स मिलचा १८० फुटी पूल वाहून गेला. पाइनटाउनचा पूल पायावरून उचलला गेला, तो परत बसवावा लागला. कुर्ट्झ मिलचाही पूल पुराने उखडला, तो पुढे परगण्याच्या बागेत नेऊन ठेवला आणि आज लोक त्याच्याजवळ सहली करतात. २०११च्या सप्टेंबरात ली नावाचं वादळ आलं तेव्हा पुन्हा तेच. चिकीज ओढ्यावरचा सीग्रिस्ट्स मिलचा पूल उचलला जाऊन खालच्या अंगाला झाडांना अडकला. त्या वर्षीच्या सफारीत दुसरा विषयच नव्हता. २०१३मध्ये तो दुरुस्त होऊन जागेवर बसला आणि आम्ही सगळे त्याच्यावरून चालत गेलो. सुतार तेव्हा हयात होता. त्याने तिथेही चाकू काढला.

आता भांडण. नव्या पुलाला ‘दोन’ लावणं योग्य की तो वेगळाच पूल समजावा, यावर सोसायटीत सरळ दोन तट होते. त्यात भर म्हणजे फरशीखाली लपवलेले पोलादी गर्डर. जुना सांगाडा तसाच दिसतो, पण भार पोलाद घेतं. अध्यक्ष यावर भडकत. ‘सांगाड्यावर भार नसेल तर तो पूल नव्हे, पोशाख!’ ट्रकवाला म्हणायचा, मग आगीचा बंब कुठून न्यायचा? यावर बशा थंड व्हायच्या. मला विचाराल तर मी ट्रकवाल्याच्या बाजूचा. शाळेची बस आणि आगीचा बंब ज्याच्यावरून जात नाही, त्या पुलासाठी गावकरी किती वर्षं पैसे घालतील? पण सांगाडा दुरुस्त करून तोच भार घेऊ शकत असेल तर पोलाद घालणं हा आळस आहे, हेही मी त्यांच्या सभेतच सांगितलं. त्या दिवशी दोन्ही तटांनी मला वाळीत टाकलं.

अशी भांडणारी माणसं वसंतात मात्र एक दिवस मुकाट्याने खराटे घेऊन यायची. पुलाच्या आत वाऱ्याने आलेली माती, पानं आणि पाखरांची घाण तुळईच्या कोपऱ्यांत साचते, तिच्यात ओल धरते आणि कूज तिथूनच सुरू होते. दंतवैद्य त्या सांध्यांमधली घाण काढण्यात तरबेज होता. त्यावर व्हायचे तेवढे विनोद झाले.

आता पुरापेक्षा मोठा शत्रू म्हणजे फोनमधला नकाशा. तो जवळचा रस्ता म्हणून उंच ट्रक सरळ पुलाकडे पाठवतो आणि तोंडाशी असलेली चौकट फुटते. म्हणून गेल्या सभेत एका पुलाच्या अलीकडे उंची अडवणारा आडवा लोखंडी दांडा बसवायचा, असा ठराव आला. ट्रक आदळायचा तर आधी त्याच्यावर आदळेल. ठराव एकमताने मंजूर झाला, हेच एक आश्चर्य. त्यानंतर दांड्याचा रंग कोणता यावर तास गेला. पुलाला शोभेल असा तांबडा, की ड्रायव्हरला लांबून दिसेल असा पिवळा? मी अर्थात पिवळा म्हणालो, बायकोने तांबड्याला मत दिलं. मतं सारखी पडली, तेव्हा रंगाचा विषय पुढच्या सफारीच्या जेवणानंतर घ्यायचं ठरलं. बसचं भाडं वाढलंय, म्हणून पैसे या खेपेला आगाऊ मागितलेत. आणि हिरवे चौकोन दोन डबे.