फियाटचा बंपर आणि डावीकडचे पाच वायसर

क्रोमवर रंग टिकत नाही. हे एक वाक्य गिऱ्हाइकांना पटवण्यात माझा गॅरेजमधला निम्मा जन्म गेला असेल. "घास थोडा, मार दोन हात, काय फरक पडतो?" असं म्हणणारा रोज एक तरी भेटतो. फरक पहिल्या पावसाळ्यात कळतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या काकांची फियाट वागळे इस्टेटला माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पुढच्या बंपरवरचा चंदेरी रंग नख लावताच तळहाताएवढा निघून येत होता. आत चंदेरीचेच चार थर, त्याखाली क्रोम आणि क्रोमवर गंजाचे फोड.

गाडी 1973 ची. आपण सगळेच तिला फियाट म्हणतो, पण त्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' या नावाने बाहेर पडत होती. पद्मिनी हे नाव 1974 मध्ये आलं. इंजिन 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. काकांनी नंबर लावून नवी घेतलेली, तेव्हापासून एकाच घरात. "आजवर कुठे घासलीसुद्धा नाही," हे त्यांनी गाडीतून उतरायच्या आधीच सांगितलं.

काकांची अट एकच होती. "काळा मारू नकोस रे बाबा, टॅक्सी वाटेल." आता पद्मिनी टॅक्सी आहेत कुठे? शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही बाद. टॅक्सी गेल्या, टॅक्सी वाटण्याची भीती मात्र काकांच्या मनातून गेलेली नाही.

दुसरी काळजी व्हीए नंबरची. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2021 च्या नियमांत ही वेगळी नोंदणी आली, फी वीस हजार. बंपर रंगवला तर गाडी 'ओरिजिनल' राहील का, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, काका, नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत असं आहे. बंपरच्या रंगाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

बंपर उतरवणं हे रंगवण्यापेक्षा कटकटीचं काम. गोल टोपीचे बोल्ट, टोपीखाली चौकोनी मान. ती मान भोकात अडकून राहते म्हणूनच मागून नट फिरवता येतो. इतक्या वर्षांत गंजाने मान खाल्ली की बोल्ट नटाबरोबर गरगर फिरतो आणि पाना नुसता घामाचा धनी होतो. रात्रभर तेल पाजून ठेवलं, तरी दोन नट शेवटी ग्राइंडरने कापावेच लागले. या कामात हेल्परला एक सवय लावली आहे: जे निघेल ते बाजूप्रमाणे वेगळ्या डब्यात. त्यामुळे दिसलं की उजव्या ब्रॅकेटमागे एक वायसर (वॉशर, बोल्टखालची चकती) होता आणि डाव्या ब्रॅकेटमागे पाच.

मी काकांना फोन केला. "कंपनीनेच तसा बसवलाय," म्हणाले. एका बाजूला पाच वायसर कुठलीच कंपनी टाकत नाही. पण फोनवर वाद कशाला घाला?

बंपर रबाळ्याला प्लेटिंगवाल्याकडे नेला. असिडमध्ये क्रोम पटकन उतरतं, कारण ते असतंच किती? एक मायक्रॉनहूनही पातळ. चकाकी आपण क्रोमची म्हणतो, पण गंज अडवायचं खरं काम खालचं निकेल करतं, आणि ते उतरवायला उलटा करंट द्यावा लागतो. लोखंड उघडं पडल्यावर प्लेटिंगवाल्याने बंपर उलटा करून दाखवला. डाव्या कोपऱ्यात, मागच्या अंगाला, वीतभर पिवळी रेघ. पितळेचा जोड. आजूबाजूला हातोडीचे घाव. "हा फाटलेला होता," तो म्हणाला. "पुन्हा क्रोम करायचं तर खड्डे जाईपर्यंत बफिंग लागेल, आणि इथे पत्रा आधीच पातळ झालाय. भोक पडेल." म्हणून रंगच द्यायचं ठरलं. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरता येते, क्रोमखाली नाही. पुढचे दोन ओव्हररायडर, म्हणजे बंपरवरचे उभे खुंट, तेवढे चांगले होते, ते त्याच्याकडेच क्रोमला ठेवले.

प्रायमर मारला की मी बंपर आधी कच्चा बसवून बघतो. अंतिम रंग देऊन मग पाना लावणारे पेंटर मला कळत नाहीत. भोक जुळेना म्हणून एकदा ठोकलं की कोपऱ्याचा रंग गेलाच. त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, शेडच्या पत्र्यावर इतका आवाज की हेल्परला ओरडून सांगावं लागत होतं. दोन्हीकडे मुद्दाम एकेकच वायसर टाकला, खरं काय आहे ते दिसावं म्हणून. बंपर वाकडा बसला. डावं टोक मडगार्डला टेकलं, उजवीकडे दोन बोटं आत जातील एवढी फट.

नेमके तेव्हाच काका-काकू बँकेचं काम उरकून रिक्षाने आले. काकांनी बंपर बघितला आणि छत्री मिटायच्या आधीच सुरू झाले. "वाट लावलीस! चांगला सरळ होता. त्या असिडवाल्याने वाकवला."

मी काही बोललो नाही. बंपर उतरवून जमिनीवर ठेवला, टोकाला टोक दोरा ताणून दाखवला. दोन्ही बाजू सारख्या. मग गाडीखाली शिरलो. फियाटला ट्रकसारखं वेगळं चेसिस नसतं. बंपरचे ब्रॅकेट बॉडीच्याच पुढच्या दोन दांड्यांना लागतात. आतल्या एका पक्क्या भोकापासून दोन्ही दांड्यांची टोकं मोजली. डावी बाजू अर्धा इंच मागे. दांडीला एक बारीक चुणी, तिच्यावर काळा डांबरी रंग फासलेला.

"काका, बंपर सरळ आहे. गाडीच मागे सरकलीय. पुढून डावीकडे चांगली ठोकर बसली होती."

"शक्यच नाही. या गाडीला ठोकर? माझ्या हातून?"

"तुमच्या हातून नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या."

पाऊस होताच, पण हेल्परने ग्राइंडर बंद केला.

1982 साली काका कंपनीच्या कामासाठी जमशेदपूरला गेले होते. काकू नुकत्याच गाडी शिकल्या होत्या. तलावपाळीला म्हैस आडवी आली, तिला वाचवताना गाडी कठड्यावर. कोपरीच्या एका गॅरेजवाल्याने काका परतायच्या आत काम करून दिलं. बंपर जोडला, पण क्रोम करून आणायला वेळ कुठला? म्हणून वरून चंदेरी रंग मारला. पैसे भिशीचे. काका आल्यावर सांगितलं की गंज धरत होता, म्हणून रंगवून घेतला.

"आणि मी," काका म्हणाले, "ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो, बायको गाडीची किती काळजी घेते!" तो रंग उडाला की काका दर काही वर्षांनी त्याच्यावर हौसेने नवा हात मारून घेत होते. चार थर त्याचेच.

मग ते बराच वेळ दांडीकडे वाकून बघत राहिले. उठले आणि विचारलं, "म्हैस कोणाची होती?"

मला विचाराल तर कोपरीचा तो माणूस कसबी होता. ओढून सरळ करायची सोय नसेल म्हणा किंवा वेळ नसेल, पण मडगार्ड आणि बॉनेटच्या फटी त्याने सरकलेल्या दांडीला धरून इतक्या बेमालूम जुळवल्या होत्या, की चाळीस वर्षं मालकाला कळलं नाही. काकांना आता दांडी ओढून हवी होती. मी नको म्हटलं. पन्नास वर्षांचा पत्रा ओढला की चुणीवरच तडकतो, आणि पुढचा सगळा मेळ पुन्हा बसवावा लागतो. जुन्या गाडीचा बंपर टेपवर नाही, गाडीवर बघून बसवायचा. फक्त वायसरची चळत नको होती, ती ढिली होते आणि मध्ये पाणी धरते. इस्टेटमधल्याच लेथवाल्याकडून त्या मापाचा एक अखंड बुश, म्हणजे जाड कडं, करून घेतला.

चंदेरी हा सगळ्यात चुगलखोर रंग. आठशेच्या वॉटर पेपरचा एक आडवा ओरखडा राहिला तरी वर येतो. शिवाय त्यातली धातूची भुकटी फवारताना कशी बसते त्यावर छटा ठरते. बंपर जमिनीवर आडवा ठेवून मारला आणि गाडीला उभा लावला तर रंग वेगळाच दिसतो, म्हणून गाडीवर जसा बसणार तसाच टांगून मारायचा. वर हवेत ही ओल. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी सारखं काढत राहावं लागलं, आणि क्लिअरकोटसाठी, म्हणजे वरच्या पारदर्शक थरासाठी, पाऊस उघडलेली एक दुपार मिळेपर्यंत मी बंपरला हात लावला नाही. काकांचे फोन येत होते, येऊ दिले.

पक्की फिटिंग सरळ झाली. मडगार्डच्या कडांना टेप, बोल्टच्या टोपीखाली पातळ रबर, सगळे नट आधी हातानेच धरवले, मग मधून टोकांकडे थोडे थोडे आवळत गेलो. ओव्हररायडर शेवटी. दोन्हीकडची फट सारखी.

काकांनी बिल वरपासून खालपर्यंत वाचलं. बुशच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वेगळं काढ. हे हिच्याकडून घ्यायचं."

काकूंनी पर्स उघडली आणि खरंच पैसे दिले. महिनाभर पॉलिश लावू नका, एवढं मी दोघांनाही बजावलं.