उड्या मोजायच्या की ठिपके?

माझी नात दुसरीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या वहीत ४ + ३ या बेरजेचे उत्तर ६ लिहिलेले दिसले आणि त्यावर बाईंची लाल फुली होती. बोटांवर हीच बेरीज ती बिनचूक करते. घोळ झाला होता तो वहीत आखलेल्या संख्यारेषेवर. पुन्हा करून दाखव म्हटल्यावर तिने पेन्सिलीचे टोक ४ वर टेकवून "एक" म्हटले, ५ वर "दोन", ६ वर "तीन", आणि तिथेच थांबली. ती ठिपके मोजत होती. संख्यारेषेवर मोजायच्या असतात त्या उड्या, म्हणजे दोन ठिपक्यांमधली अंतरे, आणि हा फरक नुसता सांगून कळण्यासारखा नाही, असे मला तरी वाटते.

सापशिडी खेळताना ती असे करत नाही, कारण सोंगटी उभी आहे तेच घर पुन्हा मोजले की समोरचा भिडू लगेच ओरडतो. मात्र सापशिडीच्या पटावर शून्य नसते आणि दर दहा घरांनंतर दिशा उलटते, त्यामुळे उजवीकडे जावे तशी संख्या वाढते हे मनावर ठसत नाही. अमेरिकेतील सीग्लर आणि रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना सरळ ओळीत १ ते १० घरे असलेला साधा पट खेळायला दिला होता. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत त्या मुलांची संख्यांच्या लहानमोठेपणाची समज सुधारली. घरांत आकड्यांऐवजी फक्त रंग असलेला पट खेळलेल्या मुलांची सुधारली नाही.

आमच्या घरी हा प्रश्न सुटला तो मेट्रोत. रविवारी वनाझहून निघालो तेव्हा मी तिला विचारले, "नळ स्टॉप कितवं?" तिने वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप अशी चार बोटे मोजली. मी म्हटले, "स्टेशनं नको मोजूस, गाडी किती वेळा सुटली ते मोज." दारे बंद होताना वाजणाऱ्या सूचनेकडे कान लावून तिने मोजले, तर नळ स्टॉपला पोहोचेपर्यंत गाडी तीनदाच सुटली होती.

"मग आबा, वनाझला काय म्हणायचं?"

"वनाझला आपण किती हललो होतो?"

"शून्य!"

गरवारे कॉलेजला चार झाले. तिथून डेक्कन, संभाजी उद्यान आणि महापालिका अशा तीन उड्या झाल्यावर ती स्वतःच "सात" म्हणाली, आणि वहीतल्या फुलीचा विषय मी काढला नाही.

त्यानंतर आम्ही ओट्यापासून दारापर्यंतच्या फरश्यांच्या सांध्यांवर खडूने ० पासून ३० पर्यंत आकडे लिहिले. आकडे फरशीच्या मधोमध न लिहिता सांध्यावर लिहायचे, एवढे पथ्य मात्र पाळावे, म्हणजे एक फरशी ओलांडली की एक उडी होते. या रेषेचा एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेल्या त्या बदलावर मीही कट्ट्यावर तावातावाने बोललो होतो. आता नातीला 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिताना पाहतो तेव्हा त्या समितीची अडचण मला कळते, कारण आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो.

'एकोण'चे शब्द मात्र त्या खडूच्या रेषेवर फार सुरेख बसतात. तिला मी ३० वर उभे केले आणि एकोणतीस कुठे ते विचारले. एकोण म्हणजे एकाने उणे, एवढेच सांगितल्यावर तिने न वळता एक पाऊल मागे टाकले आणि खाली २९ पाहून ती खुदकन हसली. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे सगळे खडूच्या रेषेपलीकडे, हवेतच पार पडले. नव्याण्णवला मात्र ती त्या दिवसापासून 'एकोणशंभर' म्हणते, आणि मी ते दुरुस्त करत नाही.