आईच्या कॅप्सूल, पश्चिमेचे ऊन आणि बॅच क्रमांक : माझा अनुभव

ॲसिडिटीवरचे औषध खराब निघाले अशी तक्रार करावयाची असेल, तर खराब कॅप्सूल हातात असून भागत नाही. तिचा बॅच क्रमांक, म्हणजे ती कारखान्यात ज्या खेपेत तयार झाली त्या खेपेचा क्रमांक, हातात असावा लागतो. हे ज्या पद्धतीने मला कळले, तिचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

माझ्या आईला सांधेदुखीच्या गोळ्या कायमच्या चालू आहेत. त्या पोटाला बाधू नयेत म्हणून डॉक्टरांनी तिला सकाळी अनशापोटी ओमेप्राझोलची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली होती. आमच्या पेठेतल्या एका औषध दुकानाने वयस्कर ग्राहकांसाठी एक सोय सुरू केली होती: आठवड्याची सगळी औषधे पट्टीतून सोडवून, वेळेनुसार पारदर्शक पाउचमध्ये भरून, वर मार्करने वार लिहून ठेवायचे. आईला ती फार आवडली. अडचण एवढीच, की भरलेली पाउच दर्शनी काचेमागच्या आकड्यांना टांगलेली असत आणि त्या काचेवर दुपारी तीननंतर पश्चिमेचे सरळ ऊन येत असे.

रात्रीची जळजळ पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी एक कॅप्सूल उघडून पांढऱ्या बशीत रिकामी केली. आत पावडर नसते, मोहरीपेक्षा बारीक दाणे असतात, आणि ते पांढरे किंवा फिकट मलईच्या रंगाचे असावयास हवेत. आमच्या बशीतले दाणे तपकिरी होते आणि काहींवर जांभळट झाक होती. शेजाऱ्यांकडच्या न फोडलेल्या पट्टीतली कॅप्सूल शेजारी उघडून पाहिली, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. दुकानदाराने मात्र बशीकडे पाहून सांगितले, “सर, तारीख अजून लांब हाय, औषध काय एवढ्यात नासतंय व्हय?”

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच लागले. पट्टीवरची मुदत ही त्या पट्टीत, सांगितलेल्या तापमानात आणि सांगितलेल्या अंधारात ठेवलेल्या औषधाची असते. पट्टी फोडली की ती मुदत लागू राहत नाही. ओमेप्राझोलच्या रेणूत दोन वलये गंधक आणि ऑक्सिजन असलेल्या एका नाजूक दुव्याने जोडलेली असतात. प्रकाश, ओलावा, उष्णता आणि आम्ल या चौघांपुढे हा रेणू टिकत नाही, आणि तो मोडताना जी रंगीत द्रव्ये तयार होतात त्यांचाच तो तपकिरी-जांभळा रंग. गंमत अशी, की पोटातले आम्ल कमी करणारे हे औषध स्वतः आम्लात काही मिनिटांत निकामी होते. म्हणून त्याच्या दाण्यांवर जठरात न विरघळणारा लेप असतो, ते लहान आतड्यात मोकळे होते आणि रक्तावाटे फिरून जठराच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत परत येते.

प्रकाशाने औषध किती बिघडते हे तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. नमुन्यावर किमान १२ लाख लक्स-तास (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक, त्याला तासांनी गुणायचे) इतका दृश्य प्रकाश आणि त्याशिवाय ठरावीक अतिनील प्रकाश पाडून, उघडे औषध आणि वेष्टनातले औषध यांची तुलना करतात. घरातल्या ५०० लक्सच्या उजेडात एवढा प्रकाश साचायला २४०० तास लागतील. थेट उन्हात, जिथे सुमारे एक लाख लक्स असतात, तिथे बारा तास पुरतात. काचेमागचे ऊन निरुपद्रवी असते ही समजूतही खरी नव्हे, कारण साधी काच अतिनील किरणांतला काही भागच अडवते आणि दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्ण आत सोडते. अर्थात आमच्या दाण्यांचा रंग उन्हाने किती बदलला आणि कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेने किती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच मला तपासणी हवी होती.

तिथेच गाडे अडले. उत्पादक कंपनीच्या मदत क्रमांकावरील मुलगी अत्यंत अदबीने बोलत होती. तक्रारीचा अर्ज ती स्वतः संगणकावर भरत होती, आणि दर वेळी एकाच रकान्यापाशी थांबत होती. “सर, बॅच नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.” बॅच क्रमांक छापलेला असतो पट्टीच्या कडेला. पट्ट्या दुकानदाराने फोडून कचऱ्यात टाकल्या होत्या. “मग बिलावर बघा ना, सर.” बिल होते थर्मल कागदावरचे, आणि त्यावरची छपाई उडून कागद इतका कोरा झाला होता, की भिंगाखाली दुकानाचे नाव आणि रकमेतले दोन आकडे तेवढे वाचता येत. मी तिला म्हणालो, की रकान्यात “उपलब्ध नाही” असे लिहा. तर तो रकाना तसे स्वीकारत नव्हता. वरिष्ठांशी बोलायचे म्हटल्यावर वरिष्ठांचा फोन येईल असे उत्तर मिळाले, आणि तो आला तेव्हा त्यांनीही पहिला प्रश्न बॅच क्रमांकाचाच विचारला. बॅच कळल्याशिवाय कंपनी त्या बॅचचा आपल्याकडे जपून ठेवलेला राखीव नमुना काढून तुलना करू शकत नाही, हे मला समजत होते. ज्या ग्राहकाला औषध पट्टीविना विकले गेले आहे त्याच्यासाठी अर्जात एक ओळसुद्धा ठेवलेली नाही, हे मात्र मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

दुकानदाराकडे बिलाची दुसरी प्रत मागितली, तर आधी मशीन बिघडले होते, मग बिले पाहणारा मुलगा गावी गेला होता. शेवटी मी शांतपणे सांगितले, की चिठ्ठीवर विकलेल्या औषधाची नोंद बॅच क्रमांक आणि मुदतीसह ठेवणे औषध नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि ती नोंद मला न दाखवता अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना दाखवायची असेल तर माझी हरकत नाही. मुलगा त्याच संध्याकाळी गावाहून परतला आणि मशीनही सुधारले. एरवी मी असा बोलत नाही, पण त्या दिवशी मला स्वतःचा बराच अभिमान वाटला.

बॅच क्रमांक हाती आल्यावर पुढचे सगळे सुरळीत झाले. कंपनीचा माणूस उरलेल्या कॅप्सूल घेऊन गेला आणि यथावकाश पत्र आले, की त्या बॅचचे राखीव नमुने उत्तम स्थितीत आहेत, तेव्हा दोष वेष्टनाबाहेर साठवण्याचा असावा. माझाही अंदाज तोच होता, पण कागदावर वाचून बरे वाटले.

कंपनीकडून उत्तर आले नाही, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार ग्राहकाला ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येते. त्यासाठी न फोडलेली पट्टी आणि बिल जपून ठेवावे. थर्मल बिलाचा फोटो दुकानातून निघण्यापूर्वीच काढावा. अर्धी पट्टी घेताना क्रमांक आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे मागावा. दुकानदार तो स्वतःकडे ठेवू पाहतात. रंग बदललेली कॅप्सूल घेऊ नये, पण डॉक्टरांना न विचारता औषध एकदम बंदही करू नये. कॅप्सूल उघडून पाहिलीच, तर ते दाणे चावून किंवा कुटून घेण्याचा विचार करू नये, कारण लेप गेला की औषध जठरातच संपते. आणि कोणाच्या घरी रॅनिटिडिन या ॲसिडिटीवरच्याच दुसऱ्या औषधाच्या जुन्या पट्ट्या अजून पडून असतील, तर प्रकाशाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारावे. त्यात आढळलेल्या एनडीएमए या घातक अशुद्धीमुळे २०२० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढण्यात आले आणि २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतूनही वगळले गेले.

आईला डॉक्टरांनी आता पँटोप्राझोल दिले आहे. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत ते येते, आणि तिच्या सांधे धरलेल्या बोटांनी ती पट्टी फुटत नाही, म्हणून रोज सकाळी एकच गोळी मी काढून देतो. दुकानाने पाउच भरणे थांबवलेले नाही. फक्त आकडे काचेपासून हलवून आतल्या कपाटात लावले आहेत.