साततालच्या रानात फिनेलची पाळी

उत्तराखंडातल्या काठगोदामला रेल्वे संपते. भीमतालच्या पुढं रस्ता बांज ओकच्या रानात शिरतो आणि मोबाईलची रेंज जाते, तेव्हा आमच्या चर्चच्या तरुण संघातली पोरं पहिल्यांदा खिडकीबाहेर बघायला लागली. नगरच्या उन्हातून आलेल्यांना इथली हवा म्हणजे चैनच.

सातताल ख्रिस्ती आश्रम १९३० साली ई. स्टॅन्ली जोन्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्यानं सुरू केला. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना ही कल्पना परकी नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्येच साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला होता. साततालला पदव्या फाटकाबाहेर ठेवायच्या. जोन्सही सगळ्यांचे ‘ब्रदर स्टॅन्ली’च. भेटल्यावर तीन बोटं वर करून म्हणायचं, ‘येशू प्रभू आहे.’

शिबिरात रोज नवा पुढारी. वाट, पाणी, मागं पडणारे, सगळं त्याच्या गळ्यात. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मधे बोलायचं नाही, आणि हे आमच्या पाळकांना फार जड गेलं! गरुडताल तळ्याकडं जाताना धुकं उतरलं आणि वाट दुभंगली. त्या दिवशी जबाबदारी अकरावीतल्या एका अबोल मुलीवर होती. मुलगे ‘उजवीकडं, उजवीकडं’ म्हणून ओरडत होते. तिनं सगळ्यांना खाली बसवलं, डोकी मोजली आणि चाऱ्याचा भारा घेऊन येणाऱ्या बाईंची वाट पाहिली. बाईंनी डावीकडं बोट दाखवलं. मुलगे गप्प.

संध्याकाळी येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा उतारा वाचला. मला मात्र त्याहून जोन्स यांनी सांगितलेला किस्सा भिडला. आश्रमात सफाई कामगाराला सुट्टी देऊन त्या दिवशी संडास बाकीच्यांनी साफ करायचे, असा रिवाज होता. ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाला त्यांनी विचारलं, तुम्ही कधी येणार? तो म्हणाला, ब्रदर स्टॅन्ली, माझं परिवर्तन झालंय, पण इतकं नाही! जातीबद्दल इतकं खरं बोललेलं मी आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, क्वचितच ऐकलंय. आपल्याकडं तर स्मशानंसुद्धा वेगळी ठेवणारे आहेत.

आमच्या शिबिरातही ती पाळी होती, चिठ्ठ्या टाकून. शेवटच्या दिवशी पाळकांचं नाव निघालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पुढारी मुलीला विचारलं, “ताई, फिनेल कुठं ठेवलंय?”