अण्णांचे आयुष्य लिहून काढताना

आमचे वडील, म्हणजे अण्णा, २०२३ च्या पावसाळ्यात वयाच्या ९२ व्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला जमणाऱ्या नातेवाइकांच्या हाती त्यांच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका द्यावी असे आम्हा भावंडांनी ठरवले आणि थोरली म्हणून लेखनाचे काम माझ्याकडे आले. त्याला दहा महिने लागले. अशाच कामाला बसणाऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून ते कसे पार पडले हे लिहीत आहे.

पहिला मजकूर मी चार दिवसांत लिहिला होता. कर्तव्यदक्ष अभियंता, प्रेमळ पिता, निसर्गप्रेमी माणूस असे सगळे त्यात होते. धाकट्या भावाने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "ताई, यातले नाव काढले तर हे कोणाच्याही वडिलांना लागू पडेल." त्याचे म्हणणे खरे होते, म्हणून तो मजकूर बाजूला ठेवून मी अण्णांची पत्र्याची ट्रंक उघडली. तीत बदल्यांचे आदेश, मोजमापांच्या वह्या, १९५५ पासूनच्या रोजनिशा आणि बागेची एक वेगळी वही होती. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूंवर मी एकेका वर्षाची नोंद करत गेले आणि नातेवाइकांना, अण्णांच्या हयात सहकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या डोळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या हाताने केलेले एखादे काम सांगा. "अण्णा कसे होते?" या प्रश्नाला सर्वांकडून सारखीच उत्तरे येत होती, तर या प्रश्नाला प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले.

अण्णांची नोकरीची उमेदीची वर्षे कोयना प्रकल्पावर गेली. १०३ मीटर उंचीचे ते धरण, पोफळीचे जमिनीखालचे वीजगृह आणि कोयनानगरची वसाहत एवढ्यातच आमचे बालपण सामावलेले होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि अण्णांनी मला घोंगडीत गुंडाळून पडत्या घरातून बाहेर काढले ही माझी सर्वांत पक्की आठवण होती. रोजनिशीत मात्र त्या रात्री ते पोफळीला पाळीवर असल्याची नोंद निघाली. आईला विचारले तेव्हा तिने सांगितले की मला शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी उचलले होते, कारण तिच्या कडेवर पाच महिन्यांचा भाऊ होता. छप्पन्न वर्षे जपलेली आठवण अशी हातातून गेल्यावर दोन आठवडे मला पुढे लिहिता आले नाही.

त्याच पानाशी आईचेही एक जुने दुःख जोडलेले होते. त्या दिवशी कुंभार्ली घाट चढून अण्णा परतले ते आधी धरणावर गेले आणि दुपार उलटल्यावर आमच्याकडे आले, हे तिने मनात ठेवले होते, पण कधी बोलून दाखवले नव्हते. धरणाच्या उंच भागांना आडव्या भेगा गेल्या होत्या आणि खाली नदीकाठी गावे होती, त्यामुळे त्यांनी आधी तिकडे जाणे मला समजत होते. परंतु रोजनिशीत त्याआधी आणखी एक ओळ होती: हेळवाकला गाडी थांबवून त्यांनी वसाहतीतून आलेल्या एका मुकादमाकडे आमची चौकशी केली होती आणि तिघेही सुखरूप असल्याचे कळल्यावरच ते धरणाकडे वळले होते. आई आता ८६ वर्षांची आहे. ती ओळ तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, चष्मा पुसला आणि "हे छाप," एवढेच म्हणाली. पुस्तिकेत घरातल्या अप्रिय गोष्टी घालाव्यात की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला होता, तो तिथे मिटला.

पुढची काही वर्षे अण्णा धरणाच्या डागडुजीच्या कामावर होते. इपॉक्सीने भेगा भरणे आणि नंतर उंच भागांना खालच्या बाजूने काँक्रीटचा आधार देणे, या कामांच्या तपशिलासाठी मी त्यांच्या एका सहकाऱ्यांकडे तीनदा गेले. तो भाग मी पुस्तिकेत दीड पानातच आटोपला, कारण अण्णांची कामाची रीत आमच्या कराडच्या घरातच अधिक स्पष्ट दिसते. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या भेगेवर काचेची एक पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकेल, हे त्यांनी नातवंडांना समजावून दिले होते. घराला तीनदा रंग दिला गेला, पण प्रत्येक वेळी रंगाऱ्याला तेवढी वीतभर जागा सोडायला लावली. काच अजून शाबूत आहे.

बागेची वही ही माझ्या दृष्टीने ट्रंकेतली सर्वांत मोलाची वस्तू. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर घरामागच्या तीन गुंठ्यांत त्यांनी आंबा, सोनचाफा, लिंबू, कढीपत्ता लावला आणि दर पावसाळ्यात ते कोय कलमे बांधत. कोय रुजून वर आलेले, तांबूस पानांचे कोवळे रोप घ्यायचे, त्याचा शेंडा उडवून उभी चीर द्यायची, जुन्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. प्रत्येक कलमाची तारीख, काडी कोणत्या झाडाची, जगले की गेले, आणि जगलेले कोणाला दिले हे वहीत आहे. गेलेल्या कलमांपुढे कारणही लिहिलेले आहे. जगलेली कलमे नातेवाइकांच्या, सहकाऱ्यांच्या, आमच्या मैत्रिणींच्या दारी गेली. त्या यादीवरून मी जवळजवळ तीस घरी फोन केले आणि पुस्तिकेतल्या निम्म्या आठवणी मला तिथून मिळाल्या.

छापून आलेल्या १२० प्रती आईसमोर ठेवल्या तेव्हा तिने आधी बागेचे पान उघडले. विहिरीजवळच्या पहिल्या झाडाला मी हापूस लिहिले होते. तिने सांगितले की ती पायरी आहे. आमरसाला पायरीच हवी असा तिचा हट्ट होता आणि अण्णांनी त्यासाठी चिपळूणहून काड्या आणल्या होत्या. वही पाहिली तर तिथे पायरीच लिहिलेले होते, चूक उतरवून घेताना माझ्याकडून झाली होती. त्या रात्री आम्ही तिघा भावंडांनी बसून सगळ्या प्रतींत हापूस खोडला, वर पायरी लिहिले आणि समासात तारीख घातली.