सोड्यांची गोण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हर्णैच्या मावशी आपल्या बोक्याला, खंडूला, घेऊन माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या आधी वास आत आला. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मुताचा दर्प एकदा नाकात बसला की ओळखायला चूक होत नाही. आणि खंडूची नसबंदी होऊन तर चार महिने उलटले होते.

मावशी सुकी मासळी विकतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्याला लागतात. त्या दोन महिन्यांसाठी लोक आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करतात, आणि मावशींची खरी कमाई त्याच दिवसांत होते. त्या ऐन दिवसांत खंडूने पडवीतल्या सोड्यांच्या गोणीवर मुताचा फवारा मारला होता. सोललेली, वाळवलेली कोळंबी, घरातला सगळ्यात महाग माल. सगळी गोण समुद्रात ओतावी लागली.

"ऑपरेशन केलान, कागद दिलान, तरी हा तसाच. लेक बोलतो, खाडीपल्याड सोडून ये. मी नाय सोडायची. पन करू काय, बाय?"

मला उत्तर देववेना, कारण मार्चमध्ये त्या हीच तक्रार घेऊन दापोलीला माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी खंडूला टोपलीतून बाहेरही काढलं नाही. नेहमीचं सांगून पाठवलं: वृषणं काढल्यावर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचा हार्मोन, एक-दोन दिवसांत उतरतं, पण वागणं उतरायला काही आठवडे लागतात, धीर धरा. दहातला एखादा बोका तर नंतरही सवयीने किंवा घरातल्या ताणाने फवारा मारत राहतो. यातलं काहीही खोटं नव्हतं. फक्त खंडूला न बघता सांगितलेलं होतं.

या खेपेला त्याच्या शेपटीच्या बुडाशी लिंबाएवढं गळू होतं, दुसऱ्या बोक्याने चावल्याचं. गळू फोडायला भूल द्यावीच लागणार होती. टोपलीवर बांधलेला जाळ्याचा तुकडा सोडला, त्याला टेबलावर घेतलं आणि या वेळी नीट पाहिलं. गाल बघा कसे, भरलेले, जाड. लहानपणीच नसबंदी झालेल्या बोक्याचा चेहरा निमुळता राहतो. हा सहा महिन्यांचा असताना शस्त्रक्रिया झाली होती, आणि आता तोंड पुऱ्या वाढलेल्या, भांडखोर बोक्याचं होतं. अंडकोशाची पिशवी रिकामी. जखमेची खूण शोधून उपयोग नसतो, मांजरात ती महिन्या-दोन महिन्यांत दिसेनाशी होते.

मग मी ते पाहिलं जे मार्चमध्येच पाहायला हवं होतं. बोक्याच्या लिंगावर मागे वळलेले बारीक काटे असतात, बोटाला खरखरीत लागतात. ते टेस्टोस्टेरॉनवर टिकतात. वृषणं निघाली की साधारण सहा आठवड्यांत झिजून जातात आणि कातडी गुळगुळीत होते. खंडूचे काटे जागच्या जागी होते, दाट, टोकदार. चार महिन्यांनंतर.

म्हणजे याच्या अंगात कुठेतरी एक वृषण शिल्लक होतं. जन्माच्या वेळी खाली न उतरलेलं, पोटात राहून गेलेलं. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे खाली सापडलेलं एक काढलं, दुसऱ्याबद्दल मावशींना कुणी बोललं नाही. कागदावर फक्त "नसबंदी झाली" एवढंच. पोटातल्या उबेमुळे अशा वृषणात बीज तयार होत नाही, त्यामुळे पिल्लं होत नाहीत. पण हार्मोन मात्र बनत राहतो. फवारा, भांडणं, रात्रीचं भटकणं, सगळं त्याच्यावरच चाललेलं असतं.

आपण सरसकट "नसबंदी" म्हणतो, त्या शब्दानेही घोटाळा होतो. माणसात नस बांधतात, वृषण तसंच राहतं आणि हार्मोनही. बोक्यात वृषणंच काढायची असतात. दोन्ही निघाली का, हे मोजूनच कागद द्यायला हवा, आणि एकच मिळालं असेल तर घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.

गळू बरं झाल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पोट उघडलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता. मूत्राशय बाजूला केलं की त्याच्या मानेपाशी शुक्रवाहिनीचा पांढरा धागा सापडतो. तो धरून हळूहळू वर जायचं. टोकाला ते मिळालं. वालाच्या दाण्याएवढं, मऊ, फिकट. चिमट्यात धरलं तेव्हा मला मावशींच्या लेकाचं खाडीपल्याड सोडायचं बोलणं आठवलं.

मावशींना दोन गोष्टी बजावल्या. तो जिथे फवारा मारायचा ती दाराची चौकट त्या रोज फिनेलने पुसत होत्या. ते आधी बंद. फिनेलमधलं फिनॉल पचवण्याची ताकद मांजराच्या यकृतात नसते, आणि पाय चाटताना तेच पोटात जातं. त्याऐवजी एन्झाइमवाल्या कपड्याच्या पावडरीचं कोमट पाणी. दुसरी गोष्ट खाण्याची. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र जवळपास पाव हिश्श्याने घटते. पहिल्यासारखंच वाढलं तर बोका सुटतो. खारवलेलं सुकं तर त्याला द्यायचंच नाही.

"आनि उंदीर धरील ना? माळ्यावर नारळ हायेत."

धरेल, मी म्हटलं. शिकारीचा टेस्टोस्टेरॉनशी संबंध नाही.

पहिल्या दिवशी घरातली मनी त्याच्यावर फिस्कारली म्हणून मावशींचा घाबरून फोन आला. दवाखान्याचा वास अंगाला लागला की ओळखीचं मांजरही परकं वाटतं. वेगळ्या खोलीत ठेवलं, मनीच्या गोधडीने अंग पुसलं, तिसऱ्या दिवशी दोघं एका ताटलीत. दहाव्या दिवशी त्याने पुन्हा चौकटीवर फवारा मारला. मावशी फोनवर काहीच बोलल्या नाहीत, नुसती बातमी सांगून थांबल्या. मी म्हटलं, मावशी, या वेळी मी बघून सांगतेय, थांबा. पुढल्या महिन्याभरात रात्री बाहेर जाणं कमी झालं, नवी जखम एकही नाही. जुनी चौकट तेवढी तो अधूनमधून हुंगत राहिला. लाकडात मुरलेला वास त्याला अजून लागत असणार.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी हर्णैला गेले. बंदरावर रंगवलेल्या बोटी, पताका. खंडू पडवीत उताणा झोपला होता. उचलून तपासलं: काटे गेले होते, बोटाला गुळगुळीत. वजन पाव किलोने वाढलेलं. त्यावर मावशी दुसरीकडे बघू लागल्या.

मग आत जाऊन त्या एक गोण ओढत घेऊन आल्या. चौकटीला टेकवून ठेवलेली, अगदी त्याच जागची. तोंड सोडलं, मूठभर सोडे काढले आणि माझ्या नाकाशी धरले.

"वास घे, बाय."

कोळंबीचा, मिठाचा, उन्हाचा वास. दुसरा कसलाही नाही.